पोळ्याची ती झडती कोणी म्हटली?

परवा पोळ्याला सुलतानपूरजवळच्या आमच्या गावात जे घडलं, त्याने अजून अंगावर काटा येतो...

पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात आणि बैलांमागून माणसं झडत्या म्हणतात. दोन-चार ओळींचं खणखणीत गाणं, शेवटी सगळ्या गावाचा "महादेव!" असा गजर. हल्ली झडत्यांत इंग्रज सरकारचे वाभाडे फार निघू लागले, म्हणून यंदा पोलीस जमादार येऊन बसला होता.

मी जेमतेम पाचवी शिकलेला, पण शुद्धलेखन चोख. पाटलांनी मलाच कागद दिला. "सरकारच्या इरोधात जो म्हनन त्याचं नाव लिही. नाई लिहलं त तुहंच नाव जाईन."

ज्याचं नाव लागेल, त्याला तिथूनच बेड्या घालून तालुक्याला नेणार होते. मी पेन्सिल दोनदा तासली.

सुरुवातीला सासू-जावयाच्या झडत्या झाल्या. "काऊन बे मुनशी, सासूचंबी नाव लिहून राह्यला काय?" कोणीतरी मागून ओरडलं. सगळे हसले... मीही हसलो, पण बोटं ओली झाली होती.

मग तो आवाज आला.

"रान आमचं, बैल आमचे, गवत कोनाचं?
काडी काडी मोजून न्हेते, राज्य कोनाचं?"

दुसऱ्या ओळीआधी एक कोरडा, अर्धा खोकला. तो अख्ख्या गावाच्या ओळखीचा. सखारामबुवांचा... आणि बुवांना चैत्रात मी स्वतः खांदा दिला होता.

गजर झालाच नाही. बैलांची घुंगरंही थांबली. बुवांचा म्हातारा बैल कान टवकारून तोरणाच्या खांबाकडे बघत होता. तिथे कोणी नव्हतं.

कासरा धरून बुवांचा मुलगा विठोबा उभा होता, पांढराफटक. त्याचे ओठ मिटलेले होते. मी नीट पाहिलं होतं.

"बुवाचा पोरगाच हाय. लिही नाव," जमादार म्हणाला.

मी लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घ तपासून कागद दिला... 'सखारामबुवा, राहणार येथील, मयत.'

जमादाराने कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं. "अबे, मेलेल्याले बेडी कशी घालू?"

मला वाटलं, आता माझं नाव लागतं. पण पाटलांनी पागोटं काढून हातात घेतलं. "आवाज त बुवाचाच होता, जमादारसाहेब."

तेव्हा कुठे, उशिरा आणि हळू, सगळं गाव म्हणालं... "महादेव."

विठोबाला बेडी पडली नाही; आज तो बैल घेऊन रानात गेला आहे. झडती कोणी म्हटली, ते गावात कोणीच सांगत नाही. काल मी त्या खांबाशी जाऊन हात जोडून आलो... कोणाला, ते मात्र मला लिहिता येत नाही.