लाल दोऱ्याचा गळ

शोर्श. ज्या माणसामुळे मी आज जिथे आहे तिथे आहे, त्यांचं नाव आधी लिहून टाकतो. नाहीतर नेहमीसारखा इकडचं तिकडचं बोलत राहीन आणि ते नाव यायच्या आत उठून जाईन.

खरं नाव गेऑर्ग. पण इथे, जर्मनीतल्या फ्रँकोनियात, गेऑर्गला सगळे शोर्शच म्हणतात. पुढे जे सांगणार आहे ते गेल्या महिन्यापर्यंत मी कुणालाही सांगितलं नव्हतं. सुप्रियालाही — म्हणजे बायकोलाही — नाही. आणि तिच्यापासून काही लपवायची मला सवय नाही. सात वर्षं हे एकट्यानेच सांभाळलं. सांभाळलं म्हणजे काय केलं? गप्प बसलो, एवढंच.

मी पाटणचा, कोयनेच्या काठचा. वडील, आप्पा, लाकडाच्या वखारीत कामाला. करवतीत त्यांची दोन बोटं गेली, त्याच वर्षी मी दहावी झालो. कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिला. कऱ्हाडला इंजिनिअरिंग, पुण्यात नोकरी, मग इथलं हेर्त्सोगेनआउराख गाव. इथे आलो तेव्हा माझं जर्मन पुस्तकातलं होतं. पहिल्या कंपनीने प्रोबेत्साइटमध्येच — आजमावणीच्या सहा महिन्यांतच — काढलं. ते पत्र हातात घेऊन मी जिन्यात उभा होतो. वर जाऊन सुप्रियाला काय सांगायचं ते सुचत नव्हतं. तळमजल्यावरचं दार उघडलं, शोर्श बाहेर आले. तोवर आमची ओळख नमस्कारापुरती. त्यांनी हात पुढे करून पत्र घेतलं, वाचलं, घडी घालून परत दिलं. म्हणाले, "उद्या सकाळी सहा वाजता. गरम कपडे घाल."

मला वाटलं, एखाद्या ओळखीच्या कारखान्यात नेतायत. रात्रभर मी शर्टाला इस्त्री करायची की नाही याचा विचार केला. त्यांनी नेलं तळ्यावर.

नोकरी नव्हती ते चार महिने दर शनिवारी मी त्यांच्या शेजारी घडीच्या खुर्चीवर बसलो. ते गळ टाकायचे, मी बघायचो. मधेच ते बोटाने काहीतरी दाखवायचे आणि शब्द सांगायचे — लव्हाळा, भोवरा, बांध, ढगाळ. मग त्या शब्दाचं वाक्य करायला लावायचे. चुकलो की हसायचे नाहीत, पाण्याकडे बघत परत म्हणायचे. पुढच्या मुलाखतीत एका अवघड प्रश्नावर माझ्या तोंडून इथल्या बोलीतलं "बस्त् शो" निघून गेलं — म्हणजे आपलं "चालतंय की". समोरचे तिघे खो खो हसले. नोकरी मिळाली. ती अजून आहे.

मग मी मासेमारीची परीक्षा दिली. ती दिल्याशिवाय इथे पाण्यात गळ टाकता येत नाही. तेव्हाही शोर्शच माझी उजळणी घेत होते. त्यांच्या मासेमारी संघात शिरायचं तर जुन्या सभासदाने उभं राहून तुमची हमी द्यावी लागते. चाळीसेक माणसं, सगळी इथलीच. शोर्श उठले आणि एवढंच म्हणाले, "हा माणूस गप्प बसू शकतो. आपल्यात याहून मोठा गुण नाही." सगळे हसले. सगळे हात वर झाले.

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरता आलेलं नाही.

फार चांगले दिवस होते ते. आप्पांनी शिकवलेला, गळाला लावायचा कणकेचा गोळा मी तिथे नेला — हिंग घालून मळलेला. हिंगाला जर्मन लोक टॉयफेल्सड्रेक म्हणतात, सैतानाची विष्ठा. संघाचे अध्यक्ष वेर्नर नाक धरून म्हणायचे, "दत्ता, तुझ्या गोळ्याला मासे येतात की बेशुद्ध पडतात?" तरी पानगळीपर्यंत दोघांनी गुपचूप हिंगाची डबी मागून नेली. त्यातले एक वेर्नर.

शोर्शची खासियत गळ. बायको गेल्यावर तिच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा त्यांनी काढला, आणि तो गळाच्या दांड्याला गच्च गुंडाळून ते स्वतःचे गळ तयार करायचे. तो लाल दोरा सगळा संघ ओळखायचा. ते गळ त्यांनी कुणाला दिले नाहीत. मला तीन दिले, काडेपेटीत घालून. गळाला तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, बांधायची गाठही शिकवली — सहा वेढे. माझे मात्र दर वेळी सात व्हायचे. का, ते मलाही सांगता येत नाही. हातालाच ती खोड. ते नखाने मोजायचे आणि ओरडायचे, "सहा!" एकदा मी म्हटलं, आमच्याकडे लग्नात सात पावलं चालतात. तर म्हणाले, "मग? माशाशी लग्न लावतोयस?"

मी अजूनही मुद्द्यावर येत नाहीये, नाही का? येतो.

तळ्याच्या एका टोकाला उथळ पाणी आहे, गवताळ. वसंतात मासे तिथे अंडी घालायला येतात. त्या दिवसांत तिथे आडवी दोरी बांधतात. दोरीच्या आत कुणीही गळ टाकायचा नाही. संघात भांडणं होतात, पण या दोरीवरून नाही. ती बांधायचं आणि राखायचं काम तळ्याच्या रखवालदाराचं, आणि रखवालदार कितीतरी वर्षं शोर्श. सात वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये दोरी बांधायला त्यांच्याबरोबर मी होतो, कमरेएवढ्या गार पाण्यात. तिथली पाटी मी ठोकली. चार खिळे.

मे महिन्यात आप्पा आले. पहिल्यांदाच विमानात बसले, पहिल्यांदाच देशाबाहेर. शोर्शचं आणि त्यांचं लगेच जमलं. भाषा एकही सामाईक नाही, पण दोघे शेजारी बसून तास तास पाण्याकडे बघायचे. आप्पांची राहिलेली तीन बोटं गोळा कशी वळतात ते शोर्श वाकून बघायचे. पण मासा लागेना. तीन शनिवार गेले. फोनवर मी वर्षभर फुशारक्या मारल्या होत्या — आप्पा, इथले मासे बघाल तर कोयना विसराल. आता त्यांच्या जाण्याला दोन दिवस उरले होते. आप्पांचं काहीच म्हणणं नव्हतं. माझंच होतं. मला त्यांना दाखवायचं होतं. काय दाखवायचं होतं? मासा? की मी इथे कुणीतरी झालोय, हे?

त्या सकाळी तळ्यावर दुसरं कुणी नव्हतं. मी त्यांना उथळ टोकाकडे नेलं. दोरीशी येऊन ते थांबले.

"ही दोरी कशाला रं बांधलीया?"

"पोरं पोहतात ना आप्पा, त्यांच्यासाठी. आज नाहीत."

त्यांना पाटी वाचता येत नव्हती. मला येत होती. मी माझी गळाची काठी त्यांच्या हातात दिली. तेही नियमात बसत नव्हतं, त्यांच्याकडे परवाना नव्हता. गळ होता लाल दोऱ्याचा. गाठ मी मारली होती.

दहा मिनिटांत लागला. मोठा कार्प मासा, मादी, पोट फुगलेलं, पिवळंधमक. मी जाळीचा झोळा घेऊन धावलो. आप्पांनी तिला ओल्या हातांनी नुसतं धरलं, पोटावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "गाभोळीनं भरलीया रं. सोड हिला. आत्ता नाय धरायची."

दोरीचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता, तरी त्यांना माहीत होता. गळ घशात खोल गेला होता, निघेना. मी तंगूस गाठीच्या जरा वर कापला आणि तिला सोडली. आप्पा खूश होते. परतताना गाडीत त्यांना झोप लागली.

आप्पा पाटणला परतल्यावर तीन दिवसांनी ती मासोळी दोरीला लागून मेलेली सापडली. घशात लाल दोऱ्याचा गळ.

त्या शुक्रवारी तळ्याकाठच्या संघाच्या झोपडीत सभा झाली. वेर्नरनी गळ रुमालावर ठेवून शोर्शपुढे सरकवला. आवाज चढवला नाही. "शोर्श, हा तुझा ना?"

शोर्शनी चष्मा लावला. गळ उचलला. गाठीजवळ दोन इंच तंगूस अजून होता. त्यांनी नख लावलं आणि गाठीवरून सावकाश फिरवलं. ते मोजत होते, हे त्या खोलीत फक्त मला कळलं. त्यांनी गळ खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "गळ माझा आहे."

खोटं नव्हतं ते. एक अक्षरही खोटं नव्हतं.

कुणीतरी म्हणालं, "अरे, काहीतरी बोल ना!" त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. रखवालदारानेच दोरीचा नियम मोडला, तर तो रखवालदार कसा राहणार? त्यांना त्या कामावरून काढावं का, यावर हात वर करायला सांगितले. एकेक हात वर गेला, जड, नाखुशीने. शेजारच्याने माझ्याकडे पाहिलं.

माझा हात वर होता.

नुसता गप्प बसलो असतो तर त्याला भित्रेपणा म्हणून सोडता आलं असतं. मी हात वर केला. ज्या खोलीत त्यांनी माझी हमी दिली होती, त्याच खोलीत.

तेव्हा माझा जर्मन नागरिकत्वाचा अर्ज सरकारी कचेरीत पडून होता. त्यात लिहून द्यावं लागतं — माझ्यावर कुठली चौकशी चालू नाही. मला वाटलं, दोरीच्या आतली मासेमारी म्हणजे पोलीस, पोलीस म्हणजे अर्ज गेला. हे कारण मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. पण पासपोर्ट तर चार महिन्यांत हातात आला. त्यानंतर? त्यानंतरची सगळी वर्षं मला कुणाची भीती होती? पासपोर्ट आला त्या दिवशी शोर्श धुरी दिलेला ट्राउट मासा घेऊन वर आले, सुप्रियाच्या हातचा शिरा खाल्ला, माझ्या पाठीवर थाप मारली. मी तेव्हाही बोललो नाही. दर शनिवारी आम्ही शेजारी बसत राहिलो. रखवालदाराकडे असते ती बोटघराची किल्ली त्यांनी परत केली होती, त्यामुळे होडी काढायची असली की त्यांना दुसऱ्या कुणाकडे मागावी लागायची. बहुतेक वेळा माझ्याकडे. हो — त्यांच्यानंतर किल्ली माझ्याकडे आली. रखवालदार मी झालो. ते काम मी घेतलं.

लाल दोऱ्याचा गळ त्यांनी मला पुन्हा दिला नाही. मी मागितला नाही.

या वसंतात ते केअर होममध्ये राहायला गेले. नजर जवळजवळ गेलीय. जाताना मासेमारीची पेटी मला दिली. झाकण उघडलं तर एका कप्प्यात सभेतला तो गळ होता. टोक नव्याने घासून धार लावलेली. तंगुसाचा तुकडा तसाच, गाठ तशीच. मी वेढे मोजले. सात.

आधी सुप्रियाला सांगितलं. ती म्हणाली, "आणि इतकी वर्षं मी त्यांना जेवायला वाढत होते." मग आप्पांना फोन केला. पाटणात ते अजून सगळ्यांना सांगतात, जर्मनीत मासा धरला आन् सोडला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "तवाच सांगायचं हुतंस की रं मला. म्या काय मासा बघाया आलो हुतो का?"

मग शनिवारी झोपडीत उभा राहिलो, आणि सोमवारी शोर्शना पत्र टाकलं. मूळ जर्मनमध्ये आहे. तिथे आम्ही एकमेकांना 'डू', म्हणजे 'तू', म्हणतो, पण मराठीत आणताना हाताने 'तुम्ही'च लिहिलं. अक्षर मोठं काढलं होतं, तरी ते त्यांना दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवणार हे मला माहीत होतं. तो माणूस तिऱ्हाईत असेल, म्हणून सगळं नीट सांगून लिहिलं.

प्रिय शोर्श,

सात वर्षांपूर्वी मे महिन्यात, अंडी घालायच्या जागी, दोरीच्या आत मी मासेमारी केली. वडील माझ्याबरोबर होते. दोरी कशासाठी आहे हे त्यांना माहीत नव्हतं, मी त्यांना खोटं सांगितलं होतं. मेली ती मासोळी आमच्या गळाला लागली होती. आप्पांनी सोड म्हणून सांगितलं, मी सोडली, पण गळ आतच राहिला.

सभेत तुमच्यावर आळ आला तेव्हा मी तिथे बसलो होतो. तुम्ही गाठीवरून नख फिरवलंत ते मी पाहिलं. तुम्हाला काढण्यासाठी मी हात वर केला. नंतर तुमचं काम आणि तुमची किल्ली घेतली.

या शनिवारी हे सगळं मी झोपडीत उभं राहून सांगितलं. वेर्नर होते, बाकीचेही होते. किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. या पत्राची प्रत झोपडीतल्या फळ्यावर लावली आहे, त्या दिवशी जे नव्हते त्यांनाही वाचता यावी म्हणून.

तुम्ही मला उत्तर लिहायचं नाही. तुम्ही काही करायचं नाही.

गळ तुमचा होता. गाठ माझी होती.

दत्ता