शून्य मिनिटांचा ऑटोसेव्ह

आता काय सांगू तुम्हाला! अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, तसा माझा लॅपटॉप रिकामा झाला. तोही सासुरवाडीत, सगळ्या भाऊबंदकीसमोर!

मी शहाद्याला एका कॉलेजात क्लार्क. कॉम्प्युटरचं भारी वेड. वर्डमध्ये आपण लिहिलेलं दर दहा मिनिटांनी आपोआप राखून ठेवायची सोय असते. मध्येच मशीन बंद पडलं तरी परत मिळतं. पण दहा मिनिटं? तेवढ्यात काय काय होतं! म्हणून मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. वर्ड उघडलं की ती आपली आपण चालणार आणि दहाच्या जागी शून्य टाकणार. शून्य मिनिटं! म्हणजे अक्षर उमटलं की सेव्ह! आहे की नाही डोकं?

"चालवून पाहिलंत का?" बायकोने विचारलं.

"त्यात पाहायचंय काय?" मी म्हटलं. इथेच माती खाल्ली.

मग मेहुणीचं लग्न ठरलं. कोरीटहून आबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, फोन आला. "पाव्हना, पत्रिका तुम्हीच टाइप करा." अहो, या माणसाने मला आजवर साधा नारळ फोडायला सांगितला नव्हता! जावयाला काही येत नाही, हे त्यांचं ठाम मत. ते बदलायची ही एकच संधी! बायकोला आणि लॅपटॉपला घेऊन मी कोरीट गाठलं; पत्रिका त्याच दिवशी छापायला द्यायची होती.

आमच्याकडे पत्रिकेत मुहूर्त चुकला तर एकवेळ चालेल. नावांचा क्रम चुकला की संपलं!

"मन्हं नाव तेस्ना खाले काबरं?" आबांचे चुलतभाऊ नाना मेहुणीच्या मामांकडे बोट करून कडाडले. मामा तर चपला घालून निघालेच. मी नावं वर करतोय, खाली करतोय, चहावर चहा येतोय. शेवटी दुपार कलल्यावर तह झाला. मामा उजव्या रकान्यात पहिले, नाना डाव्या रकान्यात पहिले, पण ठळक अक्षरांत. मामांनी चपला काढल्या.

"अहो, सेव्ह केलं का?" बायको हळूच म्हणाली.

"पाव्हना, ते सेव का काय ते करी ल्या ना," आबाही म्हणाले.

"आबा, बटण दाबायचे दिवस गेले! आपोआप होतं!" मी तिथल्या तिथे भाषणच ठोकलं. आबा नानांकडे वळून म्हणाले, "देखा, मन्हा जवाई शे!" काय सांगू, छाती अशी फुगली!

तेवढ्यात मामा पेढा घ्यायला उठले आणि त्यांचा पाय वायरीत अडकला. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली. स्क्रीन काळी.

"घाबरू नका," मी हसत वर्ड उघडलं. कोरं पान. बंद करून पुन्हा उघडलं. पुन्हा कोरं! हसू कुठल्या कुठे गेलं. घाम पुसत मोबाईलवर शोधलं, तेव्हा कळलं: तिथे शून्य टाकलं की ती सोय बंद होते. बंद, हो! आणि मी ती रोज, नेमाने, स्क्रिप्ट लिहून बंद करत होतो! कपाळ माझं!

"बठं गयं?" आबांनी विचारलं.

"सगळंच गेलं," मी म्हटलं.

"मन्हं नाव वर व्हतं," मामा म्हणाले.

"कोन म्हनस?" नाना उठले. प्रत्येकाला फक्त आपलं नाव पहिलं असल्याचं आठवत होतं. मामांनी चपला पुन्हा घातल्या.

शेवटी आबाच उठले. "चाला रे, प्रेसमाच जाऊत. पाव्हना, तुम्ही घरच ऱ्हावा." सगळी भाऊबंदकी भांडत भांडत जीपमध्ये बसली आणि नंदुरबारला गेली. मी ओट्यावर एकटा.

पत्रिका छापून आली. मामा आणि नाना दोघंही तोंड फुगवून होते. पण एका बाबतीत म्हणे सगळ्यांचं तिथे एका झटक्यात एकमत झालं. मी जावयांच्या रांगेत माझं नाव शोधलं. नव्हतं. निमंत्रकांत नव्हतं. अगदी तळाशी फुलांची नक्षी होती, त्यात लिहिलं होतं, 'आमच्या मावशीच्या लग्नाला नक्की यायचं हं!' खाली आमची पोरं, चि. यश आणि कु. परी, आणि त्यांच्या शेजारी, 'चि.' लावून, मी!