सेफेरचा हिरवा अंगरखा

यजमानांच्या हृदयाची झडप बदलावी लागणार हे कळलं, त्या दिवसापासून माझा पाय घरात ठरेना. बदलापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी नुसती इकडून तिकडे फिरत होते. रिपोर्ट फायलीत लावले, विम्याचे कागद झाले, डबा कोण आणणार, हॉस्पिटलात कोण थांबणार, सगळं ठरवून टाकलं. करण्यासारखं काही उरलं नाही आणि मग भीती सुरू झाली. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा, म्हणजे आमच्या पवित्र विसाव्याच्या दिवसाचा, दिवा लावतानाही मन उद्याच्या कामांत. प्रार्थना ओठांवर असायची, पण ती कुणी ऐकतंय का, हा प्रश्न मला त्या दिवसांत पहिल्यांदा पडला.

अशाच एका शनिवारी अंबरनाथच्या आमच्या छोट्या प्रार्थनालयात सेफेर तोरा, आमचा धर्मग्रंथ, बाहेर काढला, तेव्हा त्याच्या कापडी अंगरख्याची शिवण उसवलेली दिसली. आम्ही बेने इस्राएली, मराठी बोलणारे यहुदी. आमचा सेफेर म्हणजे चर्मपत्रावर एकेक अक्षर हाताने लिहिलेली लांब गुंडाळी, दोन लाकडी दांड्यांवर गुंडाळलेली. त्या अक्षरांना बोट लावत नाहीत. वाचताना टोकाला छोटा हात असलेली चांदीची काडी ओळींवरून फिरवतात. आत रंग, वेलबुट्टी, सोनं काही चालत नाही. लिहिणाऱ्याने काही अक्षरांच्या डोक्यावर केसाएवढ्या रेघांचे मुकुट काढलेले असतात, तेवढेच. सजवायची हौस सगळी बाहेर: अंगरखा, पट्टा आणि दांड्यांच्या वरच्या टोकांवर बसणारी घुंगरांची चांदीची डाळिंबं.

मी उभ्या उभ्या एलियाहू हन्नाबीला, आमच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, नवस बोलले, की ऑपरेशनच्या आधी माझ्या लग्नातल्या मेंदीच्या हिरव्या शालूचा अंगरखा सेफेरला चढवीन. भक्ती किती होती ठाऊक नाही. मला काम मिळालं होतं.

शालू घेऊन मी शेअर रिक्षाने उल्हासनगर कॅम्प तीनला गेले. जीन्स शिवणाऱ्यांच्या गल्लीत माझ्यासाठी कुणालाच वेळ नव्हता. एकाने माझ्या कागदावरचं चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, लोडाचा अभ्रा आहे असं सरळ सांगा ना. शेवटी कोपऱ्यावर एका सिंधी बाईंचं दुकान लागलं. त्या दरबारातल्या, म्हणजे त्यांच्या देवळातल्या, ग्रंथसाहेबांसाठी जरीची वस्त्रं शिवायच्या. मी अर्धंमुर्धं सांगितलं, तेवढ्यात त्या उठून हात धुऊन आल्या आणि मगच शालूला हात लावला. सिंधीत बहिणीला अदी म्हणतात, तसं त्या मला म्हणू लागल्या.

"उंची बोलो, अदी. खांदा किती? और गला कैसा रखूं?"

"गळाबिळा काही नाही. वरून बंद," मी म्हटलं. मला पुढे औषधं घ्यायची होती.

निघताना त्यांनी विचारलं, थंडीत काय घालता तुमच्या ग्रंथाला? त्यांच्या ग्रंथसाहेबांना गरम वस्त्रं असतात. काही नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

शिवण सुरू होते न होते तोच ठाण्याच्या हॉस्पिटलातून फोन आला: ऑपरेशन अलीकडे घेतलंय, उद्याच दाखल व्हा. आता नवस मोडणार. दुकानात फोन केला, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही जा, अदी. कपडा त्यांचा आहे, ते बघतील."

यजमान हॉस्पिटलच्या कपड्यांत बसून म्हणाले, "सेफेरला शालू, आणि मला हा गाऊन. तोही मागून उघडा." मला हसू आलं आणि लगेच रडूही.

त्यांना आत नेलं आणि बाहेरच्या खुर्चीत मला एकदम सेफेरच्या दांड्या आठवल्या. अंगरखा वरून घालतात. दांड्यांची टोकं वर बाहेर यायला हवीत, त्यांवरच तर डाळिंबं बसतात. आणि मी सांगितलं होतं, वरून बंद! जन्मभर पाहिलेली गोष्ट मी विसरले होते. शालू कापून झाला होता. फोन लावत राहिले. बाजाराला सुट्टी, कुणी उचलेना. कधीतरी मी फोन पर्समध्ये टाकला. झडप माझ्या हातात नव्हती, शिवणही नव्हती. "तुझं तू बघ," एवढंच देवाला म्हणाले. इतक्या दिवसांत न लागलेली झोप त्या कडक खुर्चीत लागली. डॉक्टरांनीच उठवलं. सगळं नीट झालं होतं.

पुढे अंगरखा आणायला गेले. वरची बाजू उघडी होती, कडा आत दुमडून त्यावर बारीक जरीचा गोट. मी तर बंद करायला सांगितलं होतं, असं म्हटल्यावर त्या ओशाळल्या.

"मन नाही झालं, अदी. तोंड झाकल्यासारखं वाटलं मला."

अंबरनाथला अंगरखा चढवला. दांड्या उघड्या गळ्यातून वर आल्या, डाळिंबं बसली, घुंगरं वाजली. यजमानांना वजन उचलायची मनाई होती. त्यांनी नुसती बोटं शालूला लावून ओठांना लावली. त्या दिवशी नवस फेडायचा गोड पोह्यांचा मलिदा केला, एलियाहू हन्नाबीचे आभार मानले. तो खुर्चीतला क्षण आणि त्या बाईंचा थांबलेला हात यांचा संबंध मी जोडत बसत नाही. आतली अक्षरं कुणी तरी आधीच पुरी लिहून ठेवली आहेत. आपल्याकडे फक्त बाहेरचं कापड असतं, आणि तेही आपण चुकवतो. तरी ते अंगाला बसतं, याबद्दल माझे हात जोडलेले आहेत.

परवा, गारठा पडल्यावर, त्या बाईंचा फोन आला. सेफेरसाठी उबदार काही शिवू का, विचारत होत्या. मी हो म्हटलं. माप त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.