उपकारस्तुतीची संध्याकाळ

आमच्याकडे मोठ्या दुखण्यातून माणूस उठला की घरी उपकारस्तुती ठेवतात. मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चचे लोक जमतात, गाणी होतात, बरा झालेला माणूस साक्ष देतो, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगतो, आणि मग जेवण. ह्यांच्या डोळ्यासाठी आम्ही शनिवारी ठेवली होती. उजव्या डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता, इंदौरला ऑपरेशन झालं. डावा लहानपणापासूनच अधू, त्यातून उजेड-अंधार तेवढा कळतो. म्हणजे काय तो एकच डोळा, आणि त्यात हे शिंपी! गावातल्या घड्याळाच्या टावरजवळ ह्यांचं दुकान, ब्लाउज आणि शाळेचे ड्रेस. ऑपरेशननंतर किती दिवस पालथं पडून राहावं लागलं, मान आखडली, पण माणसाने हूं की चूं केलं नाही. देवाला रोज धारेवर धरत होते ती मी. माझा स्वभावच तसा आहे.

आणि दिसायला लागलं हो! सुईत दोरा ओवून दाखवला मला. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

शनिवारी सकाळपासून माझी नुसती धावपळ. पुलावाची तयारी, दऱ्या घालणं, शेजारून खुर्च्या मागवणं. ह्यांनी चहाचा कप टेबलावर ठेवला तो काठाबाहेरच, फुटला. मग दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटला. मी वर हसले, म्हटलं, "अहो, आज साक्ष द्यायचीये म्हणून एवढे घाबरलात?" ते खांदा चोळत आत गेले.

संध्याकाळी घर भरलं. पहिलं गाणं हिंदी, दुसरं मराठी, आमच्या मंडळीत तसंच चालतं. मग हे उभे राहिले, शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं आणि स्तोत्र वाचू लागले. आवाज स्वच्छ, एक शब्द चुकला नाही. मी दाराशी बसून ऐकत होते. एक पान संपायला हवं होतं, ते उलटलंच नाही. वाचन मात्र चालूच. नीट बघितलं तर मान एका बाजूला वळवलेली, नजर पानावर नाहीच. तोंडपाठ म्हणत होते.

कप, चौकट, सगळं एकदम कळलं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून बजावलं होतं, काळी सावली दिसली की पडदा पुन्हा सुटतोय समजा, असाल तसे निघा, ती मधोमध सरकली तर मग माझ्या हातात काही नाही. इथे तर अजून साक्ष व्हायची होती, प्रार्थना व्हायची होती, जेवणं व्हायची होती. उपासनेत असं मध्येच कुणी बोलत नाही, बाईमाणूस तर नाहीच.

"थांबा!" मी ओरडले.

सगळ्या माना माझ्याकडे. हे तसेच उभे.

"अहो, खरं सांगा, दिसतंय का?"

"थोडं काळं येतंय डावीकडून. जाईल."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

"आणि बोलला नाहीत? तोंडाला काय कुलूप लागलं होतं?"

ते अगदी हळू म्हणाले, "अगं, सगळे त्याचे उपकार मानायला येणार, आणि मीच शंका घेऊ?"

संताप आला, आणि तितकीच मायाही आली. पास्टरसाहेब तोवर उठलेच होते. "भाभी, फाइल ले लीजिए," ते म्हणाले, "गाड़ी बाहर खड़ी है." पुलाव चुलीवर तसाच सोडून मी निघाले.

नानाखेड्यापर्यंत सगळं ठीक होतं. पुढे इंदौर रोड खोदून ठेवलेला. प्रत्येक खड्ड्याला मी ह्यांचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरत होते. दर थोड्या वेळाने विचारायची, कुठवर आलं? ते सांगायचे, आहे तिथेच. पण आता माझा विश्वास बसेना.

"तू प्रार्थना कर," हे म्हणाले.

"माझ्याकडे देवाला सांगायला चांगलं काही नाहीये."

"मग जे आहे ते सांग."

मग मी सांगितलं. मोठ्याने सांगितलं. एकच डोळा होता तोही तुला बघवेना का, म्हटलं. हा माणूस तुझ्यासाठी गप्प बसला, तुला लाज नाही वाटत? अर्ध्या वाटेवरचं सांवेर मागे पडलं तरी माझं चालूच. पास्टरसाहेबांनी मला अडवलं नाही, गाडी मात्र जोरात काढली.

रविवारी सकाळी पुन्हा ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, मधलं वाचलं. डावीकडचं गेलं ते गेलंच. शिवता येईल, पण पूर्वीसारखं नाही.

महिन्याभराने हे चर्चला आले, तेव्हा पास्टरसाहेबांनी साक्षीसाठी पुढे बोलावलं. हे उभे राहिले. म्हणाले, "माझी डावी बाजू गेली. मला फार वाईट वाटतं. जे उरलंय, त्यासाठी देवाचे आभार."

'वाईट वाटतं' असं आमच्याकडे साक्षीत कुणी म्हणत नाही. हे जागेवर परतताना डावीकडच्या बाकाला अडखळले. मी बायकांच्या बाजूने उठले, सरळ पुरुषांच्या बाजूला गेले, त्यांचा हात धरून त्यांना बसवलं आणि डाव्या बाजूला टेकले. दर रविवारी मी आता तिथेच बसते.