सातव्या फ्लॉपीचं कुंकू

माझे बाबा तळोज्याच्या एका कारखान्यात ड्रम धुवायचे. ड्रमवरचा इशारा त्यांना वाचता येत नसे; हात भाजला की आत काय होतं ते कळायचं. दिघ्याच्या आमच्या खोलीत पदवीचा कागद आणणारी मी पहिली. हे मी अभिमानानेच सांगते. त्या कागदावर मला तळोज्यातच, दुसऱ्या कारखान्यात, देखभाल विभागात नोकरी लागली. पहिल्याच दिवशी म्हात्रेकाका दिसले ते एका जुन्या लेथच्या संगणकासमोर हात जोडून उभे.

"नमस्कार कशाला, काका?"

"लोखंडाला कान असतात, बाय. आदी हाक मारावी, मंग बटन दाबावा."

ते लेथ फक्त त्यांनाच चालवता येई. इंग्रजी येत नव्हतं; पडद्यावरच्या ओळी ते लांबीवरून ओळखत. "आखूड आली म्हंजे चालली. लांब आली म्हंजे रुसली."

यंदा दिवाळीनंतर त्या संगणकाची हार्ड डिस्क गेली. सगळी सिस्टीम आठ फ्लॉप्यांवरून पुन्हा चढवायची होती. मशीन बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. साहेब म्हणाले, "शनिवारपर्यंत बघा, नाहीतर भंगार." मशीन भंगारात म्हणजे काका घरी. नव्या मशीनवर त्यांना कुणी घेणार नव्हतं.

सहा फ्लॉप्या चढल्या. सातवीला कर्र कर्र झालं आणि लांब ओळ आली.

"काय बोलते?"

"वाचता येत नाही म्हणते."

"म्हंजे आमच्यातलीच," काका हसले.

मी ड्राइव्हचं हेड, म्हणजे चकती वाचणारा भाग, स्पिरिटने पुसलं. कापूस तांबूस निघाला. मला गंज वाटला. केबल बदलली. दुसरा ड्राइव्ह लावला. लॅपटॉपवर प्रती काढायला घेतल्या. सातवीची तिथेही निघेना. काका शेजारी स्टुलावर बसून मलाच धीर देत होते. "दमानं घे गो. ती पयल्यापासून नखऱ्याची."

शुक्रवारी दुपारी, दुसरं काही सुचेना म्हणून, मी सातवीची पत्र्याची झडप सरकवली. आतल्या काळ्या चकतीवर तांबडे गोल ओरखडे होते. आमच्या कारखान्यात दसऱ्याला हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. इतर सातही फ्लॉप्यांच्या लेबलवर कुंकवाचं बोट होतं. सातवीचं लेबल कोरं होतं.

"काय जाला?"

"बुरशी आहे, काका. खाडीची हवा."

ते वाकले. चकती निरखली.

"बुरशी तांबडी नसते, बाय."

मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "सारखी रुसते म्हनून हिच्या तोंडालाच लावला. बाकीच्यांना वरूनच."

चार वर्षं इंजिनिअरिंग शिकले मी. तरी सातवी नुसती बाकीच्यांच्या खाली सरकवली.

शनिवारी टेम्पो आला. लेथ चढवताना काकांनी हात जोडले नाहीत, नुसता एक हात लोखंडावरून फिरवला. मग डबा काखेत मारून माझ्याकडे आले.

"कुंकू मीच लावलेला, तुला आदीच समजलेला ना?"

मी मान खाली घातली.

"खाली नको बघू. तू सात वाचल्यास. मना एवढ्या वर्सांत एक नाय वाचता आली."

आणि गेटबाहेर पडले.

आठपैकी सात फ्लॉप्यांच्या प्रती मी काढल्या. मशीन सुरू झालं नाही.