सात नंबरच्या खाटेचं पथ्य

शर्टांच्या कारखान्यात ती अकरा वर्षं काज करायची. जेवणाची सुट्टी नियमाने अर्ध्या तासाची, पण मुकादम दहाव्याच मिनिटाला दारात उभा राहून टाळ्या पिटायचा. मग बायका उभ्याउभ्याच उरलेले घास कोंबायच्या, वर घटाघटा पाणी ओतायच्या आणि तोंड पुसत मशीनवर बसायच्या.

पोटाने आधी कुरकुर केली, मग आग सुरू झाली, आणि एका दुपारी ती कॉलरींच्या ढिगावरच कोसळली. अल्सर निघाला. दीड महिन्याने परत गेली तर तिच्या खुर्चीवर दुसरीच कुणीतरी. मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला, "नाजूक पोटाच्या बायकांनी घरी बसावं."

हे वाक्य तिने गिळलं नाही. चघळत ठेवलं.

पुढे एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तिला काम मिळालं. तिथल्या आहार बघणाऱ्या डॉक्टरीणबाई सांगायच्या ते तिने आधी स्वतःवर करून पाहिलं. घास लहान घ्यायचा. तोंडात पातळ होईपर्यंत चावायचा. पाणी ढोसायचं नाही, घोट घोट प्यायचं. संध्याकाळी लवकर जेवायचं आणि जेवल्यावर आडवं न होता थोडं चालायचं. वर्षभरात तिच्या पोटातली आग विझली. डोक्यातली मात्र तशीच होती.

नऊ वर्षांनी सात नंबरच्या खाटेवर मुकादम आला. पोट धरलेला, वाळून काटकी झालेला. त्याने तिला ओळखलं नाही. तिने त्याला पाठमोरा असतानाच ओळखलं होतं. त्या क्षणी तिच्या मनात काय काय येऊन गेलं, ते तिने सख्ख्या बहिणीलाही कधी सांगितलं नाही. मग तिच्या लक्षात आलं की वेगळं काही करायची गरजच नाही; डॉक्टरीणबाईंनी त्यालाही तेच पथ्य सांगितलं होतं. तीन मिनिटांत ताट साफ करणाऱ्या माणसाला पथ्यासारखी दुसरी शिक्षा नाही.

रोज ताट घेऊन आली की ती स्टूल ओढून त्याच्यासमोर बसायची. तो दुसऱ्या घासाला हात घालायचा, तेवढ्यात ती ताट मागे ओढायची आणि पहिला संपला का म्हणून विचारायची. तो चिडून नर्सला बोलवायचा. नर्स सांगायची, मावशींचं बरोबर आहे. जेवण चाळीस मिनिटं चालायचं. भाजी गार व्हायची, त्याच्या कपाळावर घाम यायचा. त्यानंतर त्या लांबलचक व्हरांड्यात फेऱ्या. त्याने एक चुकवली, तर ती पुन्हा एकपासून मोजायची.

घोळ एवढाच झाला की तो बरा व्हायला लागला. गालांवर रंग चढला, झोप लागू लागली. ती बहिणीपाशी करवादली, "सूड घ्यायला गेले आणि मेल्याला गुटगुटीत करून बसले."

घरी जायच्या दिवशी दुपारचं जेवताना त्याने हात जोडले. "मावशी, तुम्ही मला दुसरा जन्म दिलात."

"पहिल्या जन्मात तुम्ही मला दहा मिनिटं द्यायचात," ती म्हणाली. "काजाचं मशीन. तिसरी रांग."

ओळख पटली तसा त्याचा चेहरा उतरला. त्या वेळी वरून दबाव होता, असं काहीतरी तो भरल्या तोंडाने सांगू लागला.

"बोलू नका. आधी चावा."

त्याने खाली मान घालून चावलं. शेवटचा घास संपेपर्यंत ती समोरून हलली नाही. माफी त्याने मागितली असती तरी तिने दिली नसती.

जेवणानंतर त्याची मुलगी सामान भरायला आली. पथ्य कागदावर लिहून द्या म्हणाली. हिने ठळक अक्षरात सगळं लिहिलं.

"आणि चहाचं काय करू?" मुलीने विचारलं. "चहाशिवाय बाबांचं पानही हलत नाही."

डॉक्टरीणबाईंनी चहा पंधरा दिवस बंद सांगितला होता. तिने पेन पुन्हा उघडलं आणि लिहिलं, 'चहा कायमचा बंद.' खाली दोन रेघा ओढल्या.