ओसाकात उतरायचं कुठं

आमच्या सासूबाईंनी जपानला जायचं ठरवलं ते खामगावच्या कापूस बाजारात, भरल्या गाडीवर बसून. एका जपानी कंपनीचा खरेदीदार आमच्या गाडीतला कापूस बघत होता. सरकी बाजूला करून तंतू दोन्ही अंगठ्यांत धरायचा, हळूच ओढायचा आणि उजेडाकडे करून त्याची लांबी पाहायचा. तीन हंगाम खामगावात काढल्यामुळे त्याला मोडकंतोडकं हिंदी येत होतं.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांनी त्याला विचारलं, "साहेब, हा कापूस जाते तरी कुठं?"

"ओसाका," तो म्हणाला. "बहुत बडा शहर, बहुत बडा मिल. आप आओ, मैं दिखाएगा."

असं आमंत्रण तो दिवसाकाठी चार जणांना देत असेल. आत्याबाईंनी मात्र ते खरं धरलं.

तिशीच्या आतच त्या विधवा झाल्या होत्या. वडनेर भोलजीची शेती वीस वर्षं त्यांनीच पाहिली, खामगावच्या सरकी काढायच्या एका जिनात भागी घेतली, मुलाला मोठं केलं. मी त्या घरात येऊन दोनच वर्षं झाली होती. माझे वडील खामगावला मास्तर, म्हणून मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. इंग्रजी वाचता येणारी घरात मी एकटीच.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी कामं वाटून दिली. मुलाला म्हणाल्या, "पासपोर्ट अन् आगबोट तू पाय. तिथं उतराचं कुठं, ते सूनबाई पाहीन."

हे हातातला घास तसाच धरून बसले. "तिले काय समजते त्यातलं, माय? नागपूरच्या पलीकडं गेली नाही ते कधी."

"तू गेला काय? तिले इंग्रजी वाचता येते. तुले भावाच्या तारेतलं येते तेवढंच."

विषय तिथंच संपला. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर आनंदच झाला. लग्नानंतर पहिल्यांदाच कुणी माझ्या डोक्याला काम दिलं होतं.

सल्ला द्यायला मात्र सगळे पुढे. खरेदीदार म्हणाला, ओसाकात विलायती पद्धतीचं एक मोठं हॉटेल आहे, वर जायला विजेचा पाळणा आहे, कंपनीचे सगळे पाहुणे तिथंच उतरतात. मुंबईच्या अडत्यानं कळवलं, शेजारी कोबे बंदरात गुजराती व्यापाऱ्यांची उतरायची जागा आहे, वरणभात मिळतो, आगगाडीनं ओसाका जवळच. बुलढाण्याला ह्यांचे एक वकील मामा होते. पासपोर्टाच्या अर्जासाठी डिप्टी कमिशनरच्या कचेरीत आम्ही गेलो तेव्हा त्यांच्याकडे जेवलो. ते म्हणाले, "मोठ्यात मोठं हॉटेल घ्या. परदेशात माणसाची किंमत तो कुठं उतरला त्यावर करतात."

सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग लक्षात आलं की जिला राहायचं आहे तिला कुणी विचारलेलंच नाही. आत्याबाई ओसरीवर तूर पाखडत बसल्या होत्या. मी वही घेऊन समोर बसले.

"आत्याबाई, जागा कशी पाह्यजे तुमाले?"

सूप न थांबवता त्या म्हणाल्या, "मले पलंगावर झोप येत नाही. भुईवर निजता आलं पाह्यजे. जोडे घालून कोणी माह्या अंथरुणापाशी याले नाही पाह्यजे. आंघोळीले ऊन पाणी. अन् माही भाकर मले करू द्या म्हना. बस."

"खिडकी? बाग? पाळणा?"

"पाळण्यात बसाचं वय हाय का माहं?"

खरेदीदारानं मला एक इंग्रजी प्रवासाचं पुस्तक आणून दिलं होतं. साहेब लोकांसाठी लिहिलेलं, मागच्या पानांवर हॉटेलांची यादी. मी ते रोज दुपारी वाचायची. जपानी रीतीच्या उतरण्याच्या घरांबद्दल त्यात एक प्रकरण होतं. त्यात लिहिणाऱ्यानं आधीच बजावलं होतं: तिथं राहण्याचे हाल होतात, पलंग नाही, जमिनीवर गादी घालून निजावं लागतं. खुर्ची नाही. दारातच जोडे काढावे लागतात, त्याला इलाज नाही.

मी ते दोनदा वाचलं आणि एकटीच हसले. साहेबानं जे हाल म्हणून मांडले होते तेच एकेक करून आत्याबाईंनी मागितले होते. आमच्या वडनेरच्या घरात यापेक्षा वेगळं काय होतं?

दिवाळी झाल्यावर मी पाच पत्रं लिहिली. दोन विलायती हॉटेलांना, एक कोब्याला, दोन जपानी घरांना. पाचांनाही तेच प्रश्न. जमिनीवर निजता येईल का? जोड्यांचं काय? आंघोळीला गरम पाणी? आणि आमचा स्वयंपाक आम्हाला करता येईल का? कारण आम्ही मांसमच्छी खात नाही.

उत्तरं यायला पौष उजाडला. विलायती हॉटेलांपैकी एकानं रंगीत चित्रं पाठवली, प्रश्नांना उत्तर नाही. दुसऱ्यानं टाईप करून कळवलं की खोलीत चूल पेटवायला सक्त मनाई आहे. कोब्याहून आलं की इथं फक्त पुरुष उतरतात, बायामाणसांची सोय नाही. एका जपानी घराचं उत्तरच आलं नाही.

दुसऱ्याचं आलं. बारीक, गोल अक्षर, इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीचं. घर तिच्या आईचं होतं. निजणं जमिनीवरच, असं तिनं लिहिलं होतं. जोडे कृपा करून दारात काढावेत. गरम पाणी रोज संध्याकाळी असतं. मागच्या अंगणात कोळशाची शेगडी आहे. आणि शेवटी होतं: माझी आई विचारते, तुम्ही काय शिजवता? म्हणजे ती तशी भांडी काढून ठेवील.

मी ते मराठीत करून आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "जे बाई काय शिजवता म्हणून इचारते, तिच्याच घरी उतराचं."

खरेदीदाराला हे कळल्यावर तो घरी आला. ओसरीवरच्या खुर्चीत बसून त्यानं टोपी मांडीवर ठेवली. अगदी कष्टी झाला होता. "वो जगह छोटा. गली में. कुर्सी भी नहीं. कंपनी को शरम."

मी दाराआडून बोलायचं सोडून समोर आले. "साहब, हमारे घर में भी एक ही कुर्सी है. उस पर आप बैठे हैं."

तो मोठ्यानं हसला. पण हे हसले नाहीत. खरेदीदार गेल्यावर म्हणाले, "लोक काय म्हनतीन? इतक्या दूर जाऊन गल्लीत राह्यले?"

"लोक निजणार नाहीत तिथं. तुमची माय निजणार हाय," मी म्हटलं. घरच्यांशी बोलताना मीही वऱ्हाडीतच बोलायची.

चैत्रात आम्ही जलंबहून मुंबईची गाडी धरली आणि मुंबईहून आगबोट. बरोबर ज्वारीच्या पिठाचा डबा, तिखट, तव्यापासून चिमट्यापर्यंत सगळं. बोटीवर आत्याबाईंना पलंगावरच निजावं लागलं. रोज सकाळी त्या कंबर धरून उठायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. तेव्हा मात्र मनात यायचं, पत्रातलं आणि खरं वेगळं निघालं तर?

कोब्याला उतरून आगगाडीनं ओसाका गाठलं, तिथून माणसांनी ओढायच्या रिक्षा. शहर म्हणजे नुसते कालवे, पूल आणि गिरण्यांच्या चिमण्या. रिक्षा एका बोळात थांबल्या. लाकडी जाळीचं दार, आत दगडी पायरी. मालकीणबाई गुडघे टेकून वाकून बसल्या होत्या, मागे ती पत्र लिहिणारी मुलगी. कुणी काही सांगायच्या आत आत्याबाईंनी वहाणा काढल्या, एका बाजूला नीट लावल्या आणि विचारलं, "पाय धुवाले पाणी?"

मी इंग्रजीत सांगेपर्यंत मुलीनं पाण्याचं घंगाळ आणलंसुद्धा.

खोलीत गवताच्या जाड, गच्च चटया होत्या. आत्याबाईंनी हातानं दाबून पाहिलं, खांबाला पाठ टेकली आणि पाय लांब केले. "बरं हाय," म्हणाल्या. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते खुर्ची शोधत होते.

चूक उघडी पडली ती त्याच संध्याकाळी. गरम पाणी मिळेल का, एवढंच मी विचारलं होतं. ते कसं मिळतं ते विचारलंच नव्हतं. मुलीनं आत्याबाईंना न्हाणीघर दाखवलं. तिथं छातीइतकी उंच लाकडी टाकी, काठोकाठ कढत पाण्यानं भरलेली, शेजारी पाणी उपसून घ्यायचं लाकडी डबरं. आत्याबाईंनी दार लावून घेतलं. तीन आठवड्यांच्या बोटीनंतर त्यांना मनासारखी आंघोळ करायची होती. त्यांनी केस सोडले, शिकेकाई लावली आणि डबऱ्यामागून डबरं डोक्यावर घेतलं. बाहेर आल्या तेव्हा चेहरा उजळला होता आणि टाकी अर्ध्याच्या खाली गेली होती.

ते पाणी एकट्यासाठी नव्हतंच. सगळ्या पाहुण्यांनी बाहेर अंग धुऊन मग एकामागून एक त्या टाकीत बसायचं, अशी तिथली रीत. दोन पाहुणे सुती झगे घालून, पंचे खांद्यावर टाकून बाहेर वाट पाहत उभे होते. मालकीणबाईंनी टाकीत डोकावलं आणि तोंडावर हात ठेवला. पुन्हा पाणी भरायचं, पुन्हा जाळ घालायचा, म्हणजे घंटाभर तरी जाणार.

मी त्या पाहुण्यांपुढे जाऊन वाकले. इंग्रजीत माफी मागितली, मुलीनं ती जपानीत सांगितली. ते परत खोलीत गेले. मी पदर खोचला आणि मालकीणबाईंबरोबर अंगणातल्या पंपावरून पाणी वाहायला लागले. तीसएक बादल्या असतील.

वर आले तर हे म्हणाले, "मी म्हनलं होतं. मोठ्या हॉटेलात खोलीत नळ असते."

मला ते लागलं, कारण खरं होतं. पण मी म्हटलं, "उद्या संध्याकाळपर्यंत थांबा. नाही जमलं तं मीच जागा बदलीन."

सकाळी मी मुलीला सगळं समजावलं. आत्याबाईंना पहाटे आंघोळ लागते, उभ्या पाण्यात त्या बसणार नाहीत, दुसऱ्याच्या पाण्यात तर नाहीच. तिनं आईला सांगितलं. दोघी काहीतरी बोलल्या, अंगणात जाऊन आल्या. पंपाच्या बाजूला लाकडं ठेवायची पडवी होती. मालकीणबाईंनी त्यातली लाकडं हलवली, दाराला चटई टांगली, शेगडीवर तांब्याचं एक मोठं भांडं चढवून ठेवलं. उद्यापासून ते आत्याबाईंचं न्हाणीघर. बदल्यात त्यांनी एकच मागितलं, मुलीनं लाजत सांगितलं: ती डोक्याला लावायची पूड थोडी मिळेल का?

त्यानंतर काही अडलं नाही. आत्याबाई अंगणात बसून भाकरी थापायच्या आणि मालकीणबाई शेजारी बसून बघायच्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, पण दोघी दिवसभर बोलायच्या. आठव्या दिवशी मालकीणबाईंनी स्वतः भाकरी थापून पाहिली. ती मधूनच फाटली. आत्याबाईंनी त्यांचा हात धरून बोटं कशी फिरवायची ते दाखवलं.

गिरणीही पाहिली. खरेदीदाराच्या कंपनीचा माणूस आम्हाला घेऊन गेला. फोडलेल्या गठाणीत आत्याबाईंनी कोपरापर्यंत हात घातला, मूठभर रुई काढली, अंगठ्यांत ओढून पाहिली. "हा आपला नाही," म्हणाल्या. "आपला याच्याहून बरा." तो माणूस वाकला.

परत येताना त्यानं आम्हाला त्या मोठ्या हॉटेलात चहाला नेलं. पाळण्यानं वर गेलो. गालिचे, फुलं, काचेची भलीमोठी खिडकी, खाली सगळं शहर. इथं एक कबूल करते: मला तिथं एक दिवस राहायला आवडलं असतं. त्या खिडकीशी खुर्ची ओढून मी बसले आणि उठवेना. आत्याबाई चहा बशीत ओतून प्यायल्या, चांगला आहे म्हणाल्या आणि पुन्हा वहाणा शोधायला लागल्या. त्या पायातच होत्या.

परतीच्या वाटेवर सिंगापूरला बोटीचं इंजिन बिघडलं. चार दिवस लागतील, सगळ्यांनी किनाऱ्यावर राहावं, असं सांगण्यात आलं. कुणी कुठल्या हॉटेलात उतरायचं त्याच्या चिठ्ठ्याही बोटवाल्यांनी वाटल्या. मी आमची चिठ्ठी परत केली.

"कुठं जाऊन राह्यली?" ह्यांनी विचारलं.

"जागा पाहाले. तुम्ही सामानापाशी बसा."

हमाल बरोबर घेतला आणि धक्क्यामागच्या रस्त्यानं निघाले. पहिल्या ठिकाणचा जिना शिडीसारखा उभा. दुसऱ्या ठिकाणी आधी सही, मग खोली दाखवू म्हणाले, मी उंबऱ्यावरूनच फिरले. तिसरी खोली छान होती, पण न्हाणीघराला कडी नव्हती. चौथं घर एका तामिळ बाईचं. तिनं मला आधी स्वयंपाकघरात नेलं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला, दाराची कडी लावून पाहिली, खोलीतल्या भुईवर तळहात फिरवला. भुई कोरडी होती.

"किती माणसं?" तिनं विचारलं.

"तीन," मी म्हटलं, आणि हमालाला सामान आणायला पाठवलं.